चालताना डोकं जास्त चालतं, असं तुम्हाला पण होतं का?

रंकाळवेशीतला:
रोज सकाळी कोल्हापुरात रंकाळा तळ्याकाठी चालतो. घरी खुर्चीत बसून तासभर सुटत नाही तो गुंता शालिनी पॅलेसपर्यंत येईस्तोवर आपोआप मोकळा होतो, आणि घरी येऊन चप्पल काढली की निम्मं विसरलेलं असतं. पाय आणि विचार यांचं नक्की काय नातं आहे?

पायीपायी:
भावा, हे लई जुनं आहे. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेला 1881 च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिल्वाप्लाना तळ्याकाठी फिरताना एका मोठ्या दगडापाशी त्याचा सगळ्यात गाजलेला विचार सुचला, की हेच आयुष्य जसंच्या तसं पुन्हा पुन्हा जगावं लागलं तर? म्हणजे तुझ्यासारखंच, तळं आणि चालणं. कांट हा दुसरा जर्मन तत्त्वज्ञ पण रोज ठरल्या वेळी फिरायचा, पण तो एकटा, कारण बोलत चाललं की तोंडाने श्वास जातो, ते त्याला नको होतं.

मंगळवारपेठ:
स्टॅनफर्डचा 2014 चा अभ्यास बघा. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललेल्यांना पण बसलेल्यांपेक्षा जास्त कल्पना सुचल्या. पण एकच अचूक उत्तर शोधायचं असेल तिथं चालून फायदा नाही, उलट थोडं कमीच जमलं. म्हणून हिशेब बसूनच करा.

वारीवाली:
मला मात्र एकटं चालणं आणि वारीतलं चालणं वेगळं वाटतं. आळंदी-पंढरपूर चालले, तिसऱ्या दिवशी टाळाच्या ठेक्यात पाय पडायला लागले आणि डोक्यातली बडबडच थांबली. विचार सुचला नाही, पण फार हलकं वाटलं.

रंकाळवेशीतला:
ताई, हे मनाला लागलं. उद्या मोबाईल घरीच ठेवून जातो.