'मेक अप'चे अर्थ पाठ करावेत की 'अप' ओळखायला शिकावं?

टाकबोरू
मी नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. परवा वर्गात एक वाक्य दिलं : 'दे फॉट अ लॉट, बट दे ऑल्वेज मेड अप.' एकाने अर्थ लिहिला, 'ते खूप भांडायचे, पण नेहमी नटूनथटून असायचे.' कुणी हसलं नाही, कारण बाकीच्यांनाही तेवढाच अर्थ ठाऊक होता. 'मेकअप' मराठीत इतका मुरलाय की त्यापलीकडे काही असेल असं वाटतच नाही. आणि इंग्रजीत भांडण मिटवणं, गोष्ट रचून सांगणं, बुडालेला वेळ भरून काढणं, मनाशी पक्कं ठरवणं, सगळं 'मेक अप'च!

माझं ठाम मत आहे की अर्थांच्या याद्या देणं बंद करावं आणि 'अप' शिकवावा. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांतला फरक आपल्याला कुणी समजावलेला नाही. 'ईट' आणि 'ईट अप'मध्ये तोच फरक आहे. 'टेअर अप' म्हणजे फाडून टाकणं, 'यूज अप' म्हणजे संपवून टाकणं. काम पुरतं तडीला गेलं, हे 'अप' सांगतो. 'मेक अप'मध्येही वेळेतली तूट भरून निघते, मनातली दुविधा संपते, तुटलेलं सांधलं जातं.

दीपमाळ
अजिबात पटलं नाही. 'शी मेड अप अ स्टोरी'मध्ये कुठली तूट भरली? 'लुक अप' म्हणजे शब्दकोशात शोधणं, 'थ्रो अप' म्हणजे ओकणं, 'पुट अप विथ' म्हणजे सोसणं. यांत काय तडीला गेलं? अर्थ आधी माहीत असला की मागून तर्क जुळवता येतो. माहीत नसेल तर तो तर्क अर्थापर्यंत नेत नाही, उलट चुकीच्या अर्थावर विश्वास बसवतो.

सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहिलं आहे की परकीयांना सर्वांत जड जातात ती हीच क्रियापदं. काहींचे अर्थ मूळ शब्दांपासून इतके लांब गेलेत की कितीही हुशार माणसाला ती वाट शोधता येणार नाही, असंही तो म्हणतो. म्हणून त्याने काय केलं? ती काळजीपूर्वक गोळा केली. म्हणजे यादीच!

ओसरी
मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. आपलं 'लावणं' घ्या. दार लावलं की बंद होतं आणि दिवा लावला की सुरू होतो. झाड लावतो, वेळ लावतो, कुणाला कामाला लावतो. 'लावणं'चा गाभा शोधत आपण बसत नाही आणि यादीही पाठ केलेली नाही. शेजारचा शब्द अर्थ सांगतो. तसंच 'मेक अप'च्या पुढे 'युअर माइंड' आलं की ठरवणं, 'फॉर' आलं की भरपाई, 'विथ' आणि माणूस आला की समेट. सर्वनाम मात्र मध्ये शिरतं, 'मेड इट अप'. ही जागाही वाक्यासकटच लक्षात राहते.

दीपमाळ
शेजाऱ्यांसकट का होईना, ती यादीच झाली.

टाकबोरू
'स्टोरी'च्या बाबतीत दीपमाळ यांचं बरोबर आहे. तिथे तुकडे जोडून उभं करण्याचा अर्थ आहे, तडीला नेण्याचा नाही. एका 'अप'मध्ये सगळं बसवायचा माझा हट्ट चुकलाच.

ओसरी, तुमचं 'लावणं' उद्या वर्गात नेणार आहे. पण मी दिलेल्या वाक्यात 'मेड अप'च्या पुढे काहीच नव्हतं, तिथे पूर्णविराम होता. आधार होता तो मागे, 'फॉट' आणि 'बट'मध्ये. 'ते खूप भांडायचे, पण नेहमी...' एवढंच मराठीत सांगून पुढचं विचारलं असतं, तर त्याच विद्यार्थ्याने 'मिटवून घ्यायचे' असं लगेच म्हटलं असतं. ते विचारायचं माझ्याकडून राहिलं.