चकचकीत नाण्यांचे घरच्या घरी फोटो: तुमचे अनुभव सांगा

आजोबांचे राणी छाप कलदार, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे रुपये, आणि मी हौसेने घेतलेली काही प्रूफ नाणी (संग्राहकांसाठी आरशासारखी चकचकीत पाडलेली), एवढाच माझा संग्रह. नाशिकसारख्या नोटा छापणाऱ्या गावात राहून हा नाण्यांच्या मागे लागला, म्हणून घरचे हसतात. परवा १९६९ सालचं गांधी जन्मशताब्दीचं चांदीचं दहा रुपयांचं नाणं घेऊन बसलो. चाळीस फोटो काढले. गांधीजी एकातही धड नाहीत. माझं नाक, मोबाइल आणि छताचा पंखा मात्र सगळ्यांत आहेत. तुम्ही कसं जमवता? फसलेलंही लिहा.

गंगापूर रोडवरून:
प्रूफ नाणं हा आरसाच. त्यामुळे त्यात काय दिसू द्यायचं हे आधी ठरवावं लागतं. मी फोटोफ्रेमची काच काढून नाण्याच्या वर ४५ अंशांत तिरकी टेकवतो. बाजूला काचेच्या उंचीवर टेबललॅम्प, आणि त्याचा उजेड थेट नाण्यावर पडू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. उजेड काचेवरून वळून सरळ खाली उतरतो, नाण्यावरून परत वर येतो आणि काचेतून मोबाइलमध्ये जातो. दिव्याच्या समोरच्या बाजूला काळं कापड धरायला विसरू नका, नाहीतर तिकडची भिंत काचेत उमटते. मी तीन रविवार हीच भिंत पुसत बसलो होतो, लेन्सवर डाग आहे समजून!
यात सपाट भाग लख्ख पांढरा येतो आणि चेहरा काळपट. मला उलटंच आवडतं. मग काच बाजूला ठेवायची, काळ्या कार्डशीटला लेन्सपुरतं भोक पाडून ती मोबाइलखाली लावायची आणि दिवे बाजूंनी द्यायचे. सपाट भागात काळा कागद दिसतो, चेहरा पांढराशुभ्र उठतो.

पंचवटीतून:
आमचा फोटो काढण्याआधीच घोळ झाला. छान यावा म्हणून यांनी राणी छाप रुपया टूथपेस्टने घासला. चमकला खरा, पण केसासारखे ओरखडे पडले आणि फोटोत आधी तेच दिसतात. सराफ बाजारातले ओळखीचे काका भिंग लावून बघत म्हणाले, "वहिनी, आता हा चांदीच्या भावाने." म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. यांना अजून पटलेलं नाही.

सिडकोतून:
आषाढातली ढगाळ दुपार, गच्चीचं दार, बस. ऊन असेल तर दारावर बटर पेपर चिकटवतो. मोबाइल दोन डब्यांवर आडवा, टायमर दोन सेकंदांचा. मोबाइल समतल आहे का हे बघायला नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की झालं.

नाशिकरोडवरून:
मी प्रेसमधून निवृत्त. नोटांसाठी स्कॅनर सगळ्यात सोयीचा, म्हणून नाणीही त्यावरच ठेवली. चकचकीत रुपया कोळशाची चकती होऊन बाहेर आला. नातीने मोबाइलवर दोन मिनिटांत काढला, वर "आजोबा, हात कडेलाच लावा" ही ताकीदही दिली.

इंदिरानगरमधून:
वर सगळे चकाकी मारायच्या मागे आहेत, माझी अडचण वेगळी. शाळेच्या सहलीत अंजनेरीची नाणेसंशोधन संस्था पाहिली तेव्हापासून मला छापावर छाप असलेल्या नाण्यांचं वेड आहे. जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. असं नाणं माझ्याकडे कुठून असणार! घरातल्या झिजलेल्या चांदवडी रुपयावर (चांदवडच्या जुन्या टांकसाळीतला) सराव करतो. वरून उजेड दिला की फारसी अक्षरं गायब. दिवा अगदी खाली, जवळजवळ टेबलाला टेकवून दिला की प्रत्येक अक्षराला सावली मिळते. प्रूफवर हे करून बघितलं तर फक्त धूळ दिसली.

मूळ लेखक:
काचेची युक्ती केली. गांधीजी आले! पण चांदी पितळेसारखी पिवळी का दिसते?

गंगापूर रोडवरून:
लॅम्पमध्ये पिवळा बल्ब आणि वर ट्यूब चालू असणार. ट्यूब बंद करा, लॅम्पला पांढरा बल्ब लावा, मग पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी कॅमेऱ्याची सेटिंग) धरा.

मूळ लेखक:
ट्यूब चालूच होती. आता एकच काम उरलंय, काच परत फ्रेममध्ये बसवायचं. फ्रेम आमच्या लग्नाच्या फोटोची आहे, आणि बायको सहाला घरी येते.