‘पॅसिव्ह कूलिंग’ला ‘निष्क्रिय’ म्हणावं का?

अनुवादक: घरबांधणीवरच्या लेखात ‘पॅसिव्ह कूलिंग’, म्हणजे एसीशिवाय घर गार ठेवणं, आलं आहे. ‘निष्क्रिय शीतकरण’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी समासात विचारलं, ‘यंत्रणा बंद पडली आहे का?’ दुसरा शब्द सुचवा.

चुनेगच्ची: शंका रास्त आहे. ३० सेंमी जाड काँक्रीटच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला साधारण ८ तास लागतात. रात्री खिडक्या उघडून गार वारा खेळवला नाही, तर ती भिंतीतच साठून राहते आणि दुसऱ्या दिवशी खोली आणखी तापते. अष्टौप्रहर राबणाऱ्या भिंतीला निष्क्रिय कसं म्हणायचं? ‘यंत्रविरहित’ लिहा. आणि ‘शीतकरण’ कशाला, ‘गारवा’ आहे की!

जोतं: यंत्रविरहित टिकत नाही. जर्मनीत डार्मश्टाटचं पहिलं ‘पासिवहाउस’ (१९९१), म्हणजे अगदी कमी ऊर्जेवर चालणारं घर, घ्या. अशा घरांच्या मानकात फटी इतक्या बुजवतात की चाचणीत ५० पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक) दाबालाही तासाभरात घरातल्या हवेच्या ०.६ पटीहून जास्त हवा गळता कामा नये. मग ताज्या हवेसाठी पंखा लावावाच लागतो. ‘अल्पऊर्जा’ बरं.

चुनेगच्ची: कमी वीज खाणारा एसीसुद्धा अल्पऊर्जाच. मूळ फरकच पुसला जातो.

शब्दमित्र: खिडकीला जुना शब्द ‘वातायन’: वात अधिक अयन, वाऱ्याची वाट. ‘वातायनी रचना’ का नको?

जोतं: त्यात सावली कुठे आली? उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या १.२ मीटर उंच खिडकीला, माध्यान्हीचा सूर्य ६० अंशांवर असताना, ७० सेंमीचा छज्जा पुरतो. पश्चिमेला तोच छज्जा कुचकामी, कारण कलतं ऊन त्याच्या खालून आत शिरतं. तिथे उभ्या पट्ट्या हव्यात, नाहीतर बाहेरून झडप. आतल्या पडद्याने भागत नाही, ऊन तोवर काच ओलांडून आलेलं असतं.

शब्दमित्र: ‘छज्जा’ हिंदी. मराठीत ‘सज्जा’ म्हणा.

चुनेगच्ची: सज्जावर माणूस उभा राहतो, छज्जा खिडकीवर सावली धरतो. बांधकामावर कुणीही गवंडी छज्जाच म्हणतो. रुळलेला शब्द शुद्धीसाठी बदललात, तर नकाशा वाचणारा चुकेल.

अनुवादक: पण ‘पॅसिव्ह’चं काय करू?

जोतं: तोच ठेवा, आणि पहिल्या उल्लेखाला जोडून लिहा: ‘ऊन, वारा, सावली आणि भिंतींची जाडी यांवरच मुख्य भिस्त ठेवणारी रचना’.

शब्दमित्र: एका शब्दाला अख्खं वाक्य? मग ‘वातायनी’ काय वाईट होतं? आणि सज्जा जुन्या वाड्यांतही असे, तेवढं तरी मान्य करा.