मदत हवी आहे: जुना डेस्कटॉप मधूनच बंद पडतो. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) गेलाय की मदरबोर्ड?

नमस्कार मंडळी,

मृगाचा पाऊस सुरू झाल्यापासून घरचा डेस्कटॉप छळतोय. फोंड्याला दुकानात नेला की दिवसभर गुणी बाळासारखा चालतो, घरी आणला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर जाणकार तरी काय सांगणार.

मशीन २०१४ चं. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५-४४६०, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मध्यंतरी २४० जीबीची एसएसडी टाकली, विंडोज १० तिच्यावर आहे. जुनी १ टीबीची हार्ड डिस्क फक्त साठवणीला. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला मूळचाच, लेबलवर ४५० वॅट लिहिलंय. यूपीएस साधा ६०० व्हीएचा, बॅटरी गेल्या वर्षी बदललेली.

"नवीनच घ्या" हे सांगणारे चिकार भेटले. अडचण अशी की मी घरी डीटीपीची कामं करते: जत्रेची आणि भजनी सप्ताहाची पत्रकं, उत्सवी नाटकांच्या संहिता. सगळा जुना माल पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीच्या फाँटात, आणि श्रीलिपीचं यूएसबी डोंगल (परवान्याची कळ) याच मशीनवर बसलंय. नव्या मशीनवर ते चालेलच अशी हमी दुकानदार देत नाही. शिवाय हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून मी हे मशीन इंटरनेटपासून जवळजवळ तोडूनच वापरते. चवथीपर्यंत तरी ते चाललंच पाहिजे.

आता दुखणं. एकच असतं तर बरं झालं असतं.

काही वेळा काम चालू असताना स्क्रीन एकदम काळी होते आणि मशीन आपोआप रीस्टार्ट. निळी स्क्रीन नाही, काही नाही. काही वेळा सगळं जागच्या जागी गोठतं, स्पीकरमधून 'घर्रर्र' असा एकच आवाज येत राहतो, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही. क्वचित निळी स्क्रीन येते, पण दर वेळी निराळी: एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल. आणि सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही. बंद करून पुन्हा दाबलं की येतो. एकदा तापलं की दुपारपर्यंत बरं चालतं.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) दर वेळी केर्नल-पॉवर ४१ ही नोंद. तिच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा क्रमांक) बहुतेक वेळा ०.

काय काय करून झालं: रॅम तपासणारी मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवली, एकही चूक नाही. एकेक रॅम काढून चालवून पाहिली, फरक नाही. प्रोसेसरची पेस्ट बदलली, पंख्यातला धुळीचा नमदा काढला (आत पालीची अंडीही निघाली, असो). तापमान भर कामात साठ-पासष्टच्या वर जात नाही. डिस्क तपासणारी क्रिस्टलडिस्कइन्फो एसएसडीला चांगलं म्हणते. हार्ड डिस्कचा सी७ हा आकडा (केबलवरून माहिती जातानाच्या चुका) वाढत होता, म्हणून साटा केबल बदलली, तो वाढायचा थांबला. मशीन मात्र तसंच. दुकानातल्या मुलाने रॅम खोडरबराने घासून दिली, त्यावर चार दिवस सुखाचे गेले. आपल्याकडे कुठल्याही कॉम्प्युटरवर हाच पहिला उपचार!

दोन गोष्टी मला खटकतात, त्यांचा संबंध आहे की नाही ते सांगा. विहिरीचा पंप सुरू झाला की ट्यूबलाइट क्षणभर मंद होते, आणि काही वेळा नेमकं तेव्हाच मशीन रीस्टार्ट होतं. दुसरं, अनवाणी असताना कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला बोट लागलं तर झिणझिण्या येतात. चप्पल घातली की येत नाहीत.

आधी पैसे कशावर घालू?

प्रतिसाद

रॅम घासून चार दिवस बरं वाटलं तर दोष रॅमच्या स्लॉटमध्ये असू शकतो. पावसात आपल्याकडे हवाच इतकी ओली असते की संपर्काच्या पट्ट्या काळवंडतात. पण खोडरबर नको, त्याचा भुगा स्लॉटात जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापड घ्या. स्लॉट मऊ ब्रशने झाडा.

प्रतिसाद

ताई, ४१ हा रोग नव्हे. मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो, एवढंच विंडोज त्यात सांगतं. उपयोगाचा आहे तो बगचेक ०. म्हणजे विंडोजला निळी स्क्रीन लिहायलाही सवड मिळाली नाही. एक तर वीज तुटली, नाहीतर मशीन पूर्ण गोठलं. त्यात दर वेळी निराळी निळी स्क्रीन आणि मेमटेस्ट स्वच्छ, म्हणजे माझा पहिला संशय एसएमपीएसवर. मेमटेस्ट तुम्ही रात्री चालवलीत, तेव्हा पंपही बंद असणार.

पंपाचं असं आहे. तो सुरू होताना व्होल्टेज पडतं, आणि साधा यूपीएस लाइनवरून बॅटरीवर जाताना काही मिलिसेकंदांची फट पडते. चांगला एसएमपीएस आतल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो, त्यामुळे ती फट कळतच नाही. इतक्या वर्षांत तो कपॅसिटर सुकत जातो आणि साठा कमी पडतो. सकाळचं दुखणंही त्याच घराण्यातलं: सुकलेले कपॅसिटर थंड असताना जास्त अडतात, तापले की जरा सुधारतात. दुकानात व्होल्टेज स्थिर, म्हणून तिथे मशीन शहाणं.

सॉफ्टवेअरमधल्या व्होल्टेजच्या आकड्यांवर विसंबू नका. मल्टिमीटर घ्या. हार्ड डिस्कला जातो तसल्या चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरमध्ये पिवळी आणि काळी तार मोजा. १२ व्होल्टला ५ टक्के सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६. लाल-काळी ४.७५ ते ५.२५. मशीनवर ताण असताना मोजा, नुसतं चालू असताना नव्हे. आणि एसएमपीएसचा डबा उघडू नका, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहतो.

प्रतिसाद

झिणझिण्या हा वेगळा आणि जास्त तातडीचा विषय आहे, त्याकडे दुर्लक्ष नको. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११०-११५ व्होल्ट दिसतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने नुसतं झिणझिणतं. पण याचा अर्थ त्या सॉकेटला अर्थिंग नाही, आणि उद्या त्याच लाइनवर एखाद्या उपकरणात खरोखर फेज पत्र्याला लागली तर झिणझिण्यांवर भागणार नाही. जुन्या चिऱ्याच्या घरांत बऱ्याचदा अर्थची तार सॉकेटपर्यंत आलेलीच नसते, किंवा खड्ड्यातला सांधा गंजलेला असतो. वायरमनला बोलावून तपासून घ्या. ओल्या हाताने, अनवाणी मागचे कनेक्टर काढू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. मल्टिमीटर मिळाला. नुसतं चालू असताना पिवळी तार ११.७ दाखवते. एकीकडे पीडीएफ काढायला लावली आणि दुसरीकडे हार्ड डिस्कवर मोठी फाइल कॉपी केली तर ११.३, आणि आकडा थरथरत राहतो. भाच्याच्या मशीनचा एसएमपीएस उसना आणून जोडला: त्याच कामात ११.९ च्या खाली आलं नाही. मुद्दाम पंप पुन्हा पुन्हा चालू-बंद केला, मशीनने दाद दिली नाही. गोठणंही तेव्हापासून नाही.

सकाळचं मात्र अजून तसंच, पहिल्या दाबाला डिस्प्ले नाही. घड्याळही मागे पडत होतं, म्हणून बोर्डवरची सीआर२०३२ (घड्याळाची गोल बॅटरी) मोजली तर २.६ व्होल्ट निघाली. ती बदलल्यावर घड्याळ सुधारलं, सकाळ नाही.

वायरमन येऊन गेला. सॉकेटच्या मागे अर्थची तार होती, पण कुणीतरी ती न जोडता नुसती वळवून ठेवलेली!

प्रतिसाद

मग सकाळचं दुखणं बोर्डचं. टॉर्च मारून रॅमच्या स्लॉटाजवळचे आणि ऑडिओकडचे कपॅसिटर पाहा. डोकं सपाट हवं, फुगलेलं किंवा तपकिरी डाग असलेलं नको. एखादा फुगला असेल तर बदलून देणारे कारागीर मिळतात, पण इतक्या जुन्या बोर्डवर मी फार पैसे घालणार नाही. एसएमपीएस मात्र बिनधास्त चांगला घ्या, ८० प्लस प्रमाणपत्राचा (वीज कमी वाया घालवणारा). तुमच्या मशीनला दीडशे वॅटही लागत नाहीत, तेव्हा लेबलवरचे वॅट मोजू नका. बोर्ड बदलला तरी तो पुढे वापरता येईल. रात्री मेन चालू ठेवलात तर बोर्डला थोडी वीज मिळत राहते, कदाचित सकाळी एका दाबात उठेल.

धागाकर्ती

रात्री मेन चालू ठेवणं या दिवसांत जमणार नाही, विजा कडाडायला लागल्या की आम्ही सगळे प्लग काढतो. सकाळी दोनदा बटण दाबायला माझी हरकत नाही. रॅमच्या स्लॉटाजवळचा एक कपॅसिटर किंचित फुगल्यासारखा वाटतो, फोटो काढून टाकते. एसएमपीएस उद्याच आणते, पणजीच्या दुकानात अडीच हजारांच्या आसपास सांगितलाय.

आता बोर्ड कधी दगा देईल ते सांगता येत नाही, तेव्हा श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये काढून ठेवायचा आहे. कुणी पेजमेकरच्या मोठ्या फाइली, जोडाक्षरं आणि रफार न मोडता, बदलून घेतल्या आहेत का? कशाने केल्या ते लिहा. नाटकाच्या दीडशे पानी संहितेत रफार हाताने दुरुस्त करत बसले तर चवथ काय, शिगमोसुद्धा उलटेल.