पावसाळ्यात दार अडतंय : आत्ता रंधा मारायचा की थांबायचं?

कौलारू (प्रश्न)

चिपळूण, तिसरा मजला. दोन दारांनी जुलैपासून वैताग आणलाय.

मुख्य दार सागवानी, पॅनेलचं, ३५ मिमी जाड, ३ फूट रुंद. कुलपाकडचा वरचा कोपरा चौकटीला घासतो आणि त्याच बाजूचा खालचा कोपरा फरशीला. तीन बिजागऱ्या, चार इंची.

बाथरूमचं फ्लश डोअर (सपाट, प्लायचं दार) ३० मिमी, दोन्हीकडून सनमायका. कुलपाच्या बाजूने वरपासून खालपर्यंत घट्ट बसतं. आतल्या बाजूला खालचा कोपरा फुगलाय, प्लायचे थर सुटलेत.

सुतार म्हणतो, दोन्ही दारं ५-५ मिमी तासून देतो, कायमचा प्रश्न मिटेल. घरात ४ नंबरचा लोखंडी रंधा, एक इंची पटाशी आणि ड्रिल आहे. स्वतः करण्यासारखं आहे का? आणि आत्ताच करावं का?

---

गुण्या

मुख्य दाराला रंधा लावू नका. वर चौकटीला आणि खाली फरशीला, म्हणजे दार फुगलेलं नाही, झुकलंय. नुसतं फुगलेलं दार उभ्या काठाला सगळीकडे सारखं घासतं.

खात्री अशी करा. दार थोडं उघडून कुलपाकडचा काठ दोन्ही हातांनी वर उचला आणि वरच्या बिजागरीकडे बघा. बिजागरीचं पान चौकटीपासून हललं तर स्क्रू सैल आहेत. पान जागेवरच आहे पण खिळीत खडखड आहे, तर बिजागरी झिजली, ती बदलायची. आणि चौकटच भिंतीतून हलत असेल तर आतला होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, सुटलाय. ते गवंडीकाम, रंध्याशी त्याचा संबंध नाही.

स्क्रू सैल असतील तर :

आधी कुलपाच्या बाजूला दाराखाली पाचर मारून वजन पाचरीवर घ्या. असं सागवानी दार ३० किलोच्या आसपास भरतं, आधाराशिवाय वरची बिजागरी सोडली तर खालच्या दोन्ही वाकतात. मग वरच्या बिजागरीचे चौकटीतले स्क्रू एकेक करून काढा, सगळे एकदम नाही. भोकात फेविकॉल लावलेल्या सागाच्या किंवा बांबूच्या कपच्या ठोकून घट्ट भरा आणि रात्रभर वाळू द्या. काड्यापेटीच्या काड्या भरायची सवय सगळ्यांनाच आहे, पण ते लाकूड मऊ असतं, सहा महिन्यांत स्क्रू परत फिरायला लागतो. वाळल्यावर कपच्या पटाशीने सपाट छाटा, ३ मिमीचं भोक पाडा आणि ८ नंबरचा ५० मिमी स्क्रू घाला. चौकट चार बाय अडीच इंचाची असेल तर ५० मिमी आरामात मावतो. ७५ चा घालू नका, टोक सिमेंटला लागून स्क्रू तिथेच अडतो आणि माथ्याची खाच जाते. पितळी स्क्रू असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी घालून आटे पाडून घ्या, मग पितळी घाला. नाहीतर सागात मुंडी तुटून हातात येते.

स्क्रू घट्ट निघाले तर खालच्या बिजागरीमागे पुठ्ठ्याचा तुकडा घालून बघा. १ मिमी पुठ्ठ्याने कुलपाकडचा कोपरा जेमतेम अर्धा मिमी उचलला जातो, तेवढ्यात काम झालं तर झालं.

---

सालपट

गुण्या यांच्याशी सहमत. ५ मिमीचा हिशोबही एकदा मांडून बघा, म्हणजे सुताराशी बोलायला बरं.

लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, वाढतं ते आडवं. साग त्यातल्या त्यात शांत. लाकडातला ओलावा १ टक्का वाढला की रुंदीत साधारण ०.१ ते ०.१९ टक्के फुगतो, फळी कशी चिरलीय त्यावर. पॅनेलच्या दारात रुंदीला मोजायच्या त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या, समजा १००-१०० मिमी. मधली पॅनेलं खाचेत मोकळी असतात, ती आतल्या आत हलतात. म्हणजे २०० मिमी लाकूड, आणि उन्हाळा ते पावसाळा ओलाव्यात ६ टक्क्यांचा फरक धरला तर वाढ १.२ ते २.३ मिमी. यासाठी ५ मिमी काढलं तर एप्रिलमध्ये फटीतून जिना दिसेल.

(अख्ख्या फळ्या जोडून केलेलं जुनं दार असेल तर गोष्ट वेगळी. ९०० मिमी रुंदीला हाच हिशोब ५ ते १० मिमीवर जातो.)

बाजूची आणि वरची फट कोरड्या दिवसांत ३ मिमी हवी. पावसात ती १ वर आली तरी दार बिनघोर फिरतं. तेव्हा आत्ता फक्त घासतंय तेवढंच काढा, फार तर १ मिमी.

बाथरूमच्या दाराला नेमकं कुठे घासतंय ते आधी शोधा. चौकटीच्या आतल्या काठाला रंगीत खडू फासा, दार दोन-तीनदा लावा-उघडा. दाराच्या काठावर खडू उमटेल तेवढीच जागा तासायची.

---

वाकडी चौकट

मी तर कुलपाच्या बाजूने तासूच नये म्हणेन. काठावर कुलपाची पट्टी बसवलेली असते. १ मिमी काढलं तरी ती बाहेर येते आणि मग कुलपाची खाच खोल करत बसा. त्यापेक्षा बिजागरीकडून काढा, बिजागरीच्या खाचा तेवढ्याच खोल केल्या की झालं. चुकलं तरी ती बाजू कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

---

सालपट

दीड-दोन मिमी काढायचं असेल तर तुमचं बरोबर. १ मिमीच्या आत असेल तर कुलपाकडूनच तासा, पण तिरपं. दार ज्या बाजूला उघडतं ती बाजू तशीच ठेवायची आणि चौकटीच्या पट्टीवर टेकणारी कड जास्त उतरवायची. दार लागताना तीच कड आधी आत शिरते आणि तीच अडते. ३० मिमी जाडीला दीड मिमी उतार पुरतो. कुलपाची पट्टी मात्र काढून ठेवा, रंधा तिच्यावर गेला की पातं गेलं.

---

कौलारू

गुण्या, अगदी तसंच निघालं. वरच्या बिजागरीचे चारपैकी दोन स्क्रू नुसतेच फिरतायत. कपच्या भरून ठेवल्यात.

बाथरूमच्या दाराला खडू लावला, कुलपाच्या वर-खाली मिळून दोन फूट जागा घासतेय. एका टाकाऊ पट्टीवर रंधा चालवून पाहिला, तो साल काढण्याऐवजी लाकूड उचकटतोय. इलेक्ट्रिक रंधा भाड्याने आणू का?

---

गुण्या

नको. दोन फुटांसाठी तो तोफखाना आहे. सुरुवातीला आणि शेवटी हात जरा कलला तरी टोकाला खड्डा पाडतो, आणि फ्लश डोअरच्या काठात खिळा निघाला तर पातं आणि डोळे दोन्ही धोक्यात. हातरंधाच वापरा, त्याला धार करा.

पातं २५ अंशावर घासलेलं असतं, टोकाची बारीक धार ३० वर. जाड काचेवर ४०० नंबरचा पाणकागद पाण्याने चिकटवा, मग ८०० आणि १२००. आधी पात्याची सपाट पाठ टोकापाशी चकचकीत होईपर्यंत घासा. धार लावणारे नेमकं हेच टाळतात आणि मग धार टिकत नाही म्हणतात. नंतर उतार. बोटाला मागच्या बाजूने धारेची बारीक वळलेली कड लागेपर्यंत घासायचं, ती लागली की पाठीवर दोन हात फिरवून काढायची. लिहायचा कागद हवेत धरून सरळ कापला तर धार झाली.

पात्यावरची वाकवलेली पट्टी धारेपासून १ मिमी मागे बांधा. ती ३-४ मिमी मागे राहिली की लाकूड उचकटतं, तुमचं तेच झालं असणार. पातं तळातून कागदाच्या जाडीएवढंच बाहेर. रंधा उलटा धरून तळावरून नजर टाकली की काळी रेघ दिसते, ती दोन्ही टोकांना सारखी जाड हवी. तरीही उचकटत असेल तर दिशा बदला, लाकडाच्या रेषा जिकडे वर चढत जातात तिकडे ढकलायचं.

आणि सनमायक्याची कड आधी कानशीने ४५ अंशात उतरवून घ्या. कानस पुढे ढकलतानाच घासायची, मागे ओढली की टवका उडतो. सनमायक्यावर रंधा घातलात तर आत्ता लावलेली धार चार फेऱ्यांत बोथट.

---

ओल

बाथरूमच्या दाराचं खरं दुखणं खालच्या काठाला आहे. दार उतरवून तो काठ बघा, बहुतेक कोरं लाकूड असेल. वरच्या-खालच्या काठाला कुणी रंग लावत नाही, कारण तो दिसत नाही, आणि पाणी तिथूनच वर चढतं.

फुगलेल्या कोपऱ्यात पटाशीचं टोक घालून थर किती आतपर्यंत सुटलेत बघा. ५०-६० मिमीच्या आत असेल तर वाचतं. दार उतरवून दोन-तीन दिवस पंख्याखाली उभं करा. हीट गन नको, सनमायका सुटतो. नंतर दोन नळ्यांचं इपॉक्सी कालवून पातळ पट्टीने थरांत सारा, दोन्हीकडून प्लास्टिकचा कागद आणि लाकडी ठोकळा ठेवून सी-क्लॅम्प आवळा, २४ तास हात लावू नका. ओल्या थरांत गोंद भरला तर तो पकडतच नाही, म्हणून आधीचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे. थर काळे पडून भुसभुशीत झाले असतील तर गोंद वाया घालवू नका, तेवढा भाग कापून तिथे सागाची पट्टी बसवा.

फरशीपासूनची फट १० मिमी हवी. कमी असेल तर खालून कापा. करवत चालवण्याआधी रेघेवर धारदार कटरने दोन-तीनदा चर पाडला की सनमायका फाटत नाही. खालचा काठ रंध्याने तासताना दोन्ही टोकांकडून मध्याकडे या. सलग पलीकडे गेलात तर शेवटचा टवका निघतोच.

मग खालच्या काठाला इपॉक्सी पातळ करून दोन हात. आतल्या बाजूला २०० मिमी उंच, १ मिमी जाड ॲल्युमिनियमचा पत्रा लावा. स्क्रू स्टेनलेसचे, आणि प्रत्येक भोकात सिलिकॉनचा थेंब टाकून मगच आवळा. पत्र्याच्या वरच्या आणि उभ्या कडांना सिलिकॉन भरा, खालची कड मोकळी सोडा. चारही बाजू बंद केल्या की आत शिरलेलं पाणी आतच राहतं.

---

कौलारू

तासलेल्या काठाला लगेच रंग मारू का? बाहेर धो धो चालू आहे.

---

ओल

आत्ता ऑइल पेंट मारलात तर आतला ओलावा कोंडून दिवाळीपर्यंत फोड येतील. सध्या कोऱ्या काठावर पांढरी मेणबत्ती घासून ठेवा, दारही गुळगुळीत सरकेल. नोव्हेंबरमध्ये काठ टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून मेण काढा, १२० च्या कागदाने घासा, वुड प्रायमरचा एक हात, मग एनॅमलचे दोन. मुख्य दाराचे वरचे-खालचे काठही तेव्हाच रंगवा, त्यासाठी दार उतरवायची गरज नाही. वरच्या काठाला स्टुलावर चढून ब्रश पोचतो. खालच्या काठासाठी ब्रश नको, गालिचाचा तुकडा रंगात बुडवून दाराखालून दोन्ही हातांनी मागे-पुढे ओढा.