मदत हवी आहे: ड्रायवॉलच्या (जिप्सम बोर्डच्या भिंतीच्या) छोट्या पॅचवर बाकीच्या भिंतीसारखं टेक्श्चर कसं आणायचं?

धागाकर्ता:
दाराची मूठ आपटून आपटून ड्रायवॉलला तळहाताएवढं भोक पडलं होतं. भोक चौकोनी कापून घेतलं, मागे लाकडी पट्टी स्क्रूने आवळली, वर ड्रायवॉलचा तुकडा बसवला, सांध्यांवर कागदी टेप लावून जॉइंट कंपाउंडचे (सांधे भरायच्या लुकणाचे) पातळ हात दिले. सुकल्यावर पॉलिश पेपर मारलाय. डोळे मिटून हात फिरवला तर सांधा लागत नाही.

पण भिंतीवर बारीक उंचसखल टेक्श्चर आहे आणि पॅच आहे अगदी गुळगुळीत. दिवसा समोरून फारसं कळत नाही, संध्याकाळी बाजूचा दिवा लावला की तेवढाच चौकोन उठून दिसतो. टेक्श्चरचा स्प्रे मिळतो असं कळलं. तो मारावा का? प्रायमर आधी की नंतर? भिंतीचा जुना रंग थोडा शिल्लक आहे. "सगळी भिंतच गुळगुळीत करून टाका" हा सल्ला मिळून झालाय, तो सोडून बोला. आगाऊ धन्यवाद.

उभी रेघ:
स्प्रेच्या आधी टेक्श्चर कुठलं ते ठरवा. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून उजेड आडवा पाडा आणि फोटो काढा. गोलसर उंचवटे आणि मधे मऊ खळगे असतील तर ऑरेंज पील. उंचवट्यांचे माथे पुट्टी लावायचा पत्रा फिरवल्यासारखे चपटे आणि कडा वेड्यावाकड्या असतील तर नॉकडाउन. आणि सगळीकडे एकसारखा, अगदी बारीक दाणा असेल तर ते टेक्श्चरच नाही, रंगाच्या रोलरने उठलेला दाणा आहे. तसं असलं तर स्प्रेचं नावही काढू नका. जाड केसांच्या रोलरने प्रायमर आणि रंग मारला की काम झालं. लोक हे न बघता स्प्रेचा डबा विकत आणतात आणि मग भिंतीवर पुरळ उठल्यासारखं दिसतं.

धागाकर्ता:
टॉर्च लावून बघितलं. दाणा दोन-तीन मिलिमीटरचा, काही मोठे, माथे बऱ्याच ठिकाणी चपटे. म्हणजे नॉकडाउनच ना?

उभी रेघ:
हो, हलकं नॉकडाउन. फक्त एक लक्षात घ्या, भिंतीवर रंगाचे बरेच हात चढले असतील तर खळगे भरून आलेले असतात. नवीन टेक्श्चर त्यामुळे नेहमी जास्त धारदार दिसतं. तुम्हाला वाटेल त्यापेक्षा थोडं कमीच उठवा.

खटपट्या:
चौकोन दिसण्याचं खरं कारण पॅचचा मधला भाग नाहीच, त्याच्या भोवतीची पट्टी आहे. कंपाउंड ओढताना आणि पॉलिश पेपर मारताना जुन्या टेक्श्चरचे खळगे बोटभर रुंदीत भरले जातात किंवा माथे घासले जातात. मग पॅचवर कितीही सुंदर टेक्श्चर आणा, भोवती गुळगुळीत कड्यासारखी रेघ राहते. म्हणून आधी ओला स्पंज घेऊन त्या पट्टीतलं कंपाउंड हळूहळू पुसून काढा. तुमचं कंपाउंड पाण्यात विरघळणारं, नेहमीचं असेल तर ते सुटतं आणि जुना दाणा पुन्हा वर येतो. पावडर कालवून लावायचं, रासायनिक क्रियेने घट्ट होणारं असेल तर पुसून निघणार नाही, तिथे पत्र्याच्या कोपऱ्याने हलकं खरवडावं लागेल.

मग प्रायमर. कोरडं कंपाउंड पाणी चटकन शोषतं, त्यामुळे टेक्श्चर पडल्या पडल्या सुकतं आणि माथे दाबायला वेळच मिळत नाही. प्रायमर मारलेला असला की आणखी एक सोय होते: टेक्श्चर पाण्याचं असेल आणि मनासारखं उठलं नाही तर ओलं असतानाच पुसून टाकता येतं.

डबा आधी भरपूर हलवा आणि पुठ्ठ्यावर मारून बघा. नोझल फिरवलं की थेंब लहानमोठा होतो. पुठ्ठा भिंतीला लावून आडव्या उजेडात जुळतंय का बघा, तोवर भिंतीकडे जाऊ नका. भिंतीवर मारताना हात सतत हलता ठेवा, झटका पॅचच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. मधे थांबलात की तिथे ढीग. ओली चकाकी गेली, पण बोटाला अजून मऊ लागतंय, अशा वेळी रुंद पत्रा जवळजवळ सपाट धरून फक्त माथ्यांवरून न्या. दहा-पंधरा मिनिटं म्हणतात, पण घड्याळापेक्षा चकाकी बघा.

रंधा:
एवढ्याशा जागेला डबा कशाला? जॉइंट कंपाउंड पाण्याने घट्ट रंगाइतकं पातळ करा, राठ केसांचा ब्रश त्यात बुडवा आणि अंगठ्याने केस मागे ओढून शिंतोडे उडवा. जुन्या भिंतीचे दाणे एकसारखे नसतात, हातानेही तसेच पडतात. डब्याचे फार शिस्तीत येतात.

खटपट्या:
@रंधा, हात बसलेल्या माणसासाठी ठीक आहे. नवख्याने केलं की एका बाजूला लांबट शिंतोडे आणि जमिनीवर पांढरा सडा. मोठे तुरळक दाणे जे डब्यातून नीट येत नाहीत, तेवढे शेवटी ब्रशने टाकावेत, हे मात्र पटलं.

उभी रेघ:
घर जुनं असेल तर एक गोष्ट. जुन्या टेक्श्चरमध्ये आणि कंपाउंडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक असे खनिज तंतू. अमेरिकेत भिंतीच्या पॅचिंग कंपाउंडमधल्या ॲस्बेस्टॉसवर १९७७ साली बंदी आली. शंका असेल तर तपासणी होईपर्यंत जुनं टेक्श्चर कोरडं घासू किंवा खरवडू नका.

धागाकर्ता:
घर तितकं जुनं नाही. पुठ्ठ्यावर मारून बघितलं, नोझल थोडं आवळल्यावर बरंच जुळलं. रंग फक्त पॅचवर लावला तर चालेल का?

खटपट्या:
शिल्लक रंग तोच असला तरी भिंतीवरचा उन्हाने आणि धुरळ्याने बदललेला असतो, शिवाय चमक वेगळी पडते. टेक्श्चर पूर्ण सुकलं की त्यावर पुन्हा प्रायमर मारा. मग रोलरने, ब्रशने नाही, त्या भिंतीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रंग ओढा. रंग तेवढा पुरत नसेल तर निदान पॅचच्या बरंच बाहेर जाऊन रोलर कोरडा होत होत विरू द्या. आणि दाराच्या मागे स्टॉपर बसवा, नाहीतर नवीन धागा काढावा लागेल.