टाचेची शीर म्हणू की कंडरा?

अनुस्वार: क्लबफूटच्या, म्हणजे आत वळलेल्या पायाच्या, जुन्या शस्त्रक्रियांवरचा लेख मराठीत आणतेय आणि एका वाक्यावर दोन दिवस अडकलेय. 1831 साली जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या स्ट्रोमायर या सर्जनने टाचेमागची जाड दोरी कातडीला बारीक भोक पाडून आतल्या आत कापली, कारण त्याआधी 1816 मध्ये फ्रान्सच्या देलपेशने तेच केलं तेव्हा जखम चिघळली होती. मी लिहिलं 'टाचेची शीर कापली', तर बहीण म्हणे अगं किती रक्त गेलं असेल! 'कंडरा' (टेंडन, स्नायू हाडाला बांधणारी दोरी) लिहिलं तर कुणालाच कळेना.

माजघर: धोंडशीर! आजी उठताना टाचेला हात लावून म्हणायची, धोंडशीर धरली गं. दगडासारखी घट्ट म्हणून धोंड.

सातबारा: घोडशीर हो. आमच्याकडे बैलाच्या मागच्या पायालाही घोडशीरच म्हणतात.

निळीशाई: कंडरा आयुर्वेदातला शब्द आहे, वापरला की रुळेल. न वापरताच अवघड म्हणायचं हे मला पटत नाही.

बोळकं: माझ्या लेकीचे दोन्ही पाय जन्मतः आत वळलेले. दर आठवड्याला नवं प्लास्टर, आधीचं टबात भिजवून सोडवायचं, पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. शेवटी शीर कापली, टाकासुद्धा नाही, मग मध्ये दांडीने जोडलेले बूट. डॉक्टर टेंडन म्हणाले, नर्सबाई शीर म्हणाल्या, मला दोन्ही कळलं. फक्त 'फेंगडा' लिहू नका. तो शब्द फार लागतो, आणि चूकही आहे, फेंगडा म्हणजे पाय फाकवून चालणारा.

अनुस्वार: नाही लिहिणार, आणि 'जन्मजात'ही एका ठिकाणी काढलं. लंडनच्या डॉ. लिटलचा पाय लहानपणीच्या पोलिओने वाकडा झाला होता, 1836 ला स्ट्रोमायरकडून तो सरळ करून घेतला आणि पुढच्याच वर्षी लंडनला जाऊन स्वतः तीच शस्त्रक्रिया करायला लागला.

निळीशाई: मग ऑर्थोपेडिकसाठी लिहिलेलं 'अस्थिव्यंग'ही काढा. 1741 मध्ये आंद्री या फ्रेंच डॉक्टरने ऑर्थोपेडी शब्द केला तो 'सरळ' आणि 'मूल' या दोन ग्रीक शब्दांवरून, त्यात हाड कुठेच नाही.

सातबारा: सरकारी दवाखान्याच्या पाटीवर अस्थिव्यंगोपचारच असतं आणि लोक बरोबर त्याच दारात जातात, अजून काय हवं?

निळीशाई: दार सापडलं म्हणून शब्द बरोबर होत नाही.

माजघर: आत्ताच सांगलीच्या मामीला फोन केला. धोंडशीरच म्हणाली.

सातबारा: आमच्या गावात विचारा एकदा.